आडवी काठी

संध्याकाळी रस्ता तुंबला की दुचाक्या फुटपाथवर चढत आणि हेमलताबाई काठी आडवी धरून एकेकाला खाली उतरवत. आज औषधांची लाल पेटी लावलेली मोटारसायकल सायरन वाजवत आली. टवाळ पोरं असले भोंगे लावतातच, म्हणून त्या ढिम्म हलल्या नाहीत.

"आजी, मी डॉक्टर आहे! मालती-निवासातून फोन आलाय, बर्वे आजोबांच्या छातीत कळ आलीय!"

काठी हातातून गळाली. बर्वे आजोबा म्हणजे त्यांचेच यजमान.

धापा टाकत त्या घरी पोचल्या, तेव्हा नाकाला ऑक्सिजन लावलेले आजोबा त्यांच्याकडे बघून क्षीण हसले. बाईंनी डॉक्टरला हात जोडले. "बाळा, तुलाच अडवलं रे मी!"

"रोज अडवत जा, आजी. चौकापासून सगळे फुटपाथ गाड्यांनी भरले होते. तुमचाच तेवढा मोकळा सापडला."