दारातला भुसा

भर दुपारी, घर निवांत असताना, दारात दुपट्टा झटकल्याचा आवाज आला. फट्, फट्. वच्छलेने तांदूळ निवडताना मान वर केली नाही.

तिचा नवरा धनीराम लाकूड कापायच्या आरा मशीनवरून आला की असंच बाहेर उभं राहून दुपट्ट्याने अंग झटकायचा. लेक छबी तान्ही होती तेव्हा भुशाने तिला खोकला यायचा. वच्छलेनेच त्याला बजावलं होतं, "आंगावर एक कण असन, तोवर उंबरठ्याच्या अंदर येऊ नका."

गेल्या उन्हाळ्यात सागाचा ओंडका अंगावर घसरून धनीराम गेला. दिवाळीपासून मशीनलाही कुलूप होतं.

दाराबाहेर मात्र रोज मूठभर भुसा पडलेला असायचा. ओलसर, ताज्या सागाच्या वासाचा. वच्छला तो झाडून घ्यायची आणि मधे हवेच्या भोकासाठी बाटली उभी धरून शेगडीत ठासायची. आयतं जळण वाया कोण घालवतं?

संध्याकाळी शेजारच्या धुरपताबाई शेगडीपाशी टेकल्या. "तीन-तीन आरे चालत होते बाई इथं. पोरं त्या आवाजावरच झोपत. आता लाकडाच्या टालीवर कुत्रं नाही. तुले एवढा ताजा भुसा कोण देऊन राहिलं वो?"

"जुनं पोतं आहे," वच्छला म्हणाली आणि डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. बाबा चिखल्याच्या खाणीवर कामाला गेलेत, असं तिने छबीला सांगितलं होतं.

धुरपताबाई उठून गेल्या. फट्, फट्.

छबी उंबरठ्यावर बसली होती. उंच माणसाच्या तोंडाकडे बघावं, तशी मान वर करून ती बाहेर बघत होती.

"माय," तिने विचारलं, "बाबाच्या आंगावरचा भुसा कधी सरन वो?"