हिंदुरावांनी बसवलेले पॉइंट

ठिणगी काही पडत नव्हती. हिंदुराव मिस्त्रींनी प्लगची वायर इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, मारुतरावांनी गाडीत बसून सेल्फ मारला. इंजिन घरघरलं, पण वायरीचं टोक गप्प ते गप्पच. ही सातवी खेप.

हॉर्न वाजत होता, म्हणजे बॅटरी ठीक होती. हिंदुरावांनी प्लग बदलून पाहिले. वायरी बदलल्या. काळेवाडीच्या गॅरेजातून येताना पिशवीत टाकलेली कॉइल लावली, मग कंडेन्सर लावला. ठिणगी नाही ती नाहीच. लष्कराच्या लिलावातली ही जुनी पिकअप परवापर्यंत रोज निघोज्याहून भाजी घेऊन पिंपरीला जात होती. काल दसरा, म्हणून तिची पूजा झाली आणि ती दिवसभर अंगणात उभी राहिली. आणि आज एकदम मुकी! आता हिला झालं तरी काय? वीस वर्षं गाड्यांत हात काळे केलेल्या माणसाचं डोकं चालेनासं झालं होतं.

मारुतराव एकदा म्हणाले, पॉइंट तरी बघा. हिंदुराव असे उखडले की मारुतराव पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. पॉइंट, म्हणजे टेकून-सुटून ठिणगी पाडणारे ते दोन चिमुकले तुकडे, हिंदुरावांनी घटस्थापनेच्या दिवशी स्वतःच्या हातानं बसवले होते. आणि हिंदुरावनं बसवलेल्या पॉइंटांकडं वर्षभर बघावं लागत नाही, हे ते काळेवाडीपासून चाकणपर्यंत भेटेल त्याला ऐकवत. तेव्हा सगळी गाडी उलगडली, तेवढी एक जागा सोडून. काखेत कळसा म्हणतात तो असा.

घाई होती, कारण ओट्यावर भंगारवाला चहा पीत बसला होता. पेट्रोल महागल्यापासून मारुतरावांचा त्या गाडीवर राग होता. बारा वाजेपर्यंत सुरू झाली तर ठेवतो, नाही तर आजच उचलून न्या, असं त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं. गाडी त्यांच्या धाकट्या भावाची, ज्योतीरामची. तो मागच्या पौषात वारला. तेव्हापासून मारुतराव गाडी हाकत आणि ज्योतीरामची बायको रंभा पिंपरीच्या मंडईत बसून भाजी विकी. गाडी गेली की मंडई गेली, आणि मंडई गेली की रंभाचं या घरात काम उरत नव्हतं. दिवाळीच्या आधी तिच्या माहेरी निरोप धाडायची भाषा सुरू झाली होती.

मारुतरावांची बायको अंबुबाई दारातून सगळं बघत होती. काल पूजा तिनंच केली होती. बॉनेटवर हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं साग्रसंगीत. रंभा तेव्हा गोठ्याच्या दारात उभी होती, विधवेनं पूजेच्या ताटाला हात लावायचा नसतो म्हणून. आता अंबुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की पूजेवर कुणाची तरी सावली पडली, दुसरं काय. रंभानं मान खाली घातली.

पावणेबाराला मारुतराव भंगारवाल्याला घेऊन आत भाकरी खायला गेले. अंबुबाई वाढायला गेली. हिंदुरावांनी हात टेकले. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःवरच चिडून, पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या दोन खिट्ट्या उघडल्या.

आत लाल होतं. त्यांना आधी गंज वाटला. मग वाकून पाहिलं, तर पॉइंटांच्या मधोमध कुंकवाची वाळलेली खपली होती. पॉइंट एकमेकांना टेकतच नव्हते. कडेला चार अक्षता चिकटल्या होत्या.

त्यांना काही कळेना. त्यांनी मान वर केली, तर रंभा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिची नजर उघड्या टोपणावर होती.

"काल सगळी सोनं वाटायला देवळात गेली, तवा लावलं," ती म्हणाली. "रस्त्यात गाडी बंद पडली की ते हेच टोपन उघडायचे. म्हनायचे, रंभे, गाडीचा जीव हितं हाय. वरनं लावायची मला सोय न्हाई, भावजी. म्हनून जीवाला लावलं."

ज्योतीराम हिंदुरावांचा दोस्त होता. पाठीमागे घरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी पेट्रोलचा बोळा फिरवला, काडेपेटीची खरखरीत कड पॉइंटांवरून दोनदा घासली, अक्षता उचलून खिशात टाकल्या आणि टोपण बसवून मारुतरावांना हाक मारली.

मारुतराव हात धुऊन आले. सेल्फ मारला. गाडी एका फटक्यात सुरू झाली.

सगळे अंगणात जमले. काय झालं होतं, मारुतरावांनी विचारलं. अंबुबाईनं मान पुढं काढली. रंभानं तांब्या घट्ट धरला.

"माझीच चूक," हिंदुराव म्हणाले. "पॉइंट मी नीट बसवले नव्हते."

मारुतराव मांडीवर थाप मारून हसले. भंगारवाला हसला. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चाकणला पोचणार, हे हिंदुरावांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांना वाईटही वाटलं. भंगारवाला सायकलवर टांग टाकून निघून गेला. मारुतराव भाजीच्या पाट्या आणायला मळ्याकडं वळले.

हिंदुराव पाने-पकडी गोळा करू लागले. रंभा जवळ आली. त्यांनी बॉनेट लावता लावता अर्ध्यावर धरलं आणि त्याच्या आतल्या अंगावर, जिथं मिस्त्रीशिवाय कुणाची नजर जात नाही तिथं, बोट ठेवलं.

"पुढच्या दसऱ्याला हितं लावा, वहिनी. हितनं करंट जात न्हाई."