पुसलेले अंगठे

वाचनवर्गात मी मुलांना शंभर वर्षांनंतरच्या एका शहराची गोष्ट सांगत होतो. तिथे समोर उभा असलेला माणूस खरोखर आहे की नाही, हे यंत्र ठरवतं.

"गुरुजी, याला शंभर वर्षं कशाला?" चौथीतली राही म्हणाली. "आमच्या आईला मशीन आताच नाय म्हणतं."

तिची आई सगुणा मिरजोळ्याच्या एका कारखान्यात काजू सोलते. टरफलातल्या तेलाने तिथल्या सगळ्याच बायकांच्या बोटांवरच्या रेषा कधीच जळून गेल्या आहेत. गेल्या महिन्यात हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन आलं आणि त्याने एकीलाही ओळखलं नाही. आठवडाभर राबूनही सगळ्यांची गैरहजेरी लागली.

"मावशी, मी तुम्हाला रोज बघतो हो," मॅनेजर म्हणाला, "पण वरचे लोक मशीन सांगेल तेच खरं मानतात."

दुसऱ्या दिवशी बावीस बायकांनी रांगेत उभं राहून अंगठे लावले. मशीन बावीस वेळा नाही म्हणालं. मग कोणाशी न भांडता त्या फाटकाबाहेर फणसाखाली जाऊन बसल्या.

दुपारी मॅनेजर धावत आला. "सगुणामावशी, माल न्यायला ट्रक येऊन उभा आहे. आत एकही काजू सोललेला नाही. सकाळपासून इथे बसून काय करताय?"

सगुणाने शांतपणे डबा उघडला.

 

"आम्ही खंय बसलोय, साहेब? आम्ही तर आठ दिवस आलोच नाय."