खनिज की सिंथेटिक
"या इंजिनात खनिज तेलच जाईल, ही काळ्या दगडावरची रेघ!" नवरा गरजला. रोटरी इंजिनाची ती स्पोर्ट्स कार खरं तर बायकोची होती, शर्यतही तिचीच होती, आणि ट्रॅकलगतच्या गॅरेजात ती हेल्मेट घालून स्टिअरिंगमागे बसली होती. जुनं तेल नवरा आणि दीर या दोघा भावांनी एकमताने काढून टाकलं होतं. एकमत तिथेच संपलं होतं.

"दादा, तुझं खनिज तापलं की पाण्यासारखं पातळ होतं. कारखान्यात बनवलेलं सिंथेटिक तेलच हवं," दिराने डबा आपटला.

"अरे दीडशहाण्या, हे इंजिन तेल पितं, जाळतं! सिंथेटिकने आत काजळी धरेल."

"पितं ना? मग चांगलं पाज की, चिक्कू!"

"अहो, कुठलं तरी ओता!" ती ओरडली.

"तू यात पडू नकोस," दोघेही म्हणाले.

बाहेर शिट्टी झाली आणि बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराचा सराव गॅरेजातच संपला होता. ती दार आपटून उतरली, तसे दोघे भाऊ आपापला डबा पोटाशी धरून भिंतीला चिकटले.

"तुम्हा दोघांना आज सोलून काढते," ती म्हणाली. "भावोजी, आधी हा हेल्मेटचा पट्टा सोडवा. अडकलाय."