गोजरबाईंच्या गोळ्या

चौऱ्याहत्तर साली सोलापुरात सांधेदुखीवरच्या एका नव्या गोळीचं संशोधन चाललं होतं. भवानी पेठेतल्या चाळीस म्हाताऱ्या बायकांना तीन महिने त्या गोळ्या फुकट दिल्या होत्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टर मुकुंद गोजरबाईंच्या दारात आले, ते चेहरा पाडूनच.

"मावशी, आजपासून गोळ्या बंद. बाकी सगळ्या बायकांच्या पायातली ताकद जायला लागलीय."

त्यांनी गोजरबाईंना उठवलं, बसवलं, चालवून पाहिलं. मग वही काढली.

"तुम्हाला मात्र काहीच झालं नाही. चाळिसांत तुम्ही एकट्या! तुमचं रक्त मुंबईला पाठवतो. त्यातून बाकीच्यांवर इलाज सापडेल."

गोजरबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लिवू नगा, सायेब. म्या एक बी गोळी खाल्ली न्हाय."

"पण डब्या तर दर वेळी रिकाम्या होत्या की!"

"इतकं भारी अवशद म्या म्हातारीनं खाऊन काय करू? घरात चांगलंचुंगलं आलं की पोटुशीला आदी द्यायचं, ही आमची रीत. सुनेला दिल्या. सातवा म्हैना हाय तिला."

डॉक्टरांचा हात वहीवरच थांबला. "तिला बाहेर बोलवा," ते म्हणाले.

"मथुरा, भाईर ये गं."

आतून सुनेचा हसरा आवाज आला, "आत्याबाई, जरा हात द्या की. सकाळधरनं पाय उचलंनाच झालाय. पोरगं लई जड दिसतंय."