न झालेली सही

"तिला सही करू देऊ नका," अमेरिकेहून मयूराचे कोच फोनवर सांगत होते. "लॉकआउट मिटतोय. दोन दिवसांत जाहीर होईल."

चित्रलेखा सिडनीत, वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये, आपल्या लॅबबाहेर उभी होती. लेकीचा फोन लागत नव्हता म्हणून कोचने तिला गाठलं होतं.

मयूरा तीन वर्षं अमेरिकेतल्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळत होती. एक वर्ष बाकी होतं. मग तिकडची मोठी लीग, हे ठरल्यातच जमा. पण मानधनावरून मालकांचं आणि खेळाडूंचं फिसकटलं, आणि मालकांनी लीगलाच टाळं ठोकलं, म्हणजे लॉकआउट. ते कधी उघडेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मयूरा तेव्हा सुट्टीला ब्लॅकटाउनला घरी आली होती. सिडनीच्या एका क्लबने तिला विचारलं. इथे सही केली की ती प्रोफेशनल. मग कॉलेजच्या टीमचं दार कायमचं बंद. महिनाभर ती सही लांबवत होती. आज क्लबने दिलेला शेवटचा दिवस होता.

महिनाभर चित्रलेखाने मनात एकच मागितलं होतं, ते टाळं उघडू नये. शिफ्टवरून घरी यावं आणि दारातच लेकीच्या होडीएवढ्या बुटांना ठेचकाळावं, बस. तोंडाने मात्र ती एवढंच म्हणायची, "तुझं तू ठरव." ती स्वतः शिकायला इकडे निघाली तेव्हा तिच्या आईने रडून रडून तिला दोन वर्षं अडवून धरलं होतं. आपण तसं करायचं नाही, हे तिचं पक्कं होतं.

आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. चार वाजता सही व्हायची होती. अजून दीड तास.

तिने गाडी काढली.

मयूरा क्लबच्या कोर्टवर एकटीच शॉट मारत होती. चित्रलेखाने एका दमात सगळं सांगून टाकलं.

मयूरा बॉल कुशीत धरून उभी राहिली. "मग? तुला काय वाटतं?"

"जा," चित्रलेखा म्हणाली. "अशी संधी सोडू नये."

मयूरा तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग "ओके" म्हणाली आणि क्लबला नाही सांगायला आत गेली.

ऑगस्टमध्ये एअरपोर्टवर सामान आत गेलं, तेव्हा चित्रलेखाला राहवेना.

"खरं सांगू? तो लॉकआउट मिटूच नये असं वाटायचं मला. तू इथेच राहावंस असं वाटायचं."

मयूराने तिला घट्ट मिठी मारली.

"मग बोलायचंस ना गं, आई. मी काय लॉकआउट मिटायची वाट बघत होते? तू 'राहा' म्हणशील, म्हणून थांबले होते महिनाभर."