फुगलेलं दार

सकाळी साडेसातला आतल्या खोलीचं दार उघडेना. आई आत होती. तिने कडी काढली होती, तरी दार जागचं हलत नव्हतं.

"ढकल की जोरात," ती आतून म्हणाली. "अंगात जीव आहे की नाही?"

मुलाने खांदा लावून पाहिला. दारावरच्या भिंतीतली तिरपी भेग दाखवायला त्याने आजच इंजिनिअरबाईंना बोलावलं होतं. त्या आल्या तेव्हा तो करवत घेऊन उभा होता.

"थांबा! हात लावू नका," त्या जिन्यातूनच ओरडल्या.

त्यांनी भेगेत मोजपट्टी सरकवली. ती निम्मी आत गेली. मग त्यांनी दार न्याहाळलं. त्याची वरची कड एका टोकाला उतरत गेली होती.

"हे कोणी तासलं?"

"मीच. दरवर्षी तासतो. लाकूड फुगतं ना."

"दरवर्षी वरूनच?"

"अडकतं तिथेच तर."

"लाकूड फुगत नव्हतं हो. चौकट खाली येत होती. आता ती दारावर टेकलीय. वरची सगळी भिंत या दाराने तोलून धरलीय."

त्याने करवत आवाज न करता जमिनीवर ठेवली.

"मग खिडकीचे गज कापू?"

"खिडकीही याच भिंतीत आहे. आधी तीन टेकू लावू, मगच दार. आईंना पलीकडच्या कोपऱ्यात बसायला सांगा. आणि बोलतं ठेवा त्यांना."

त्याने आईला सांगितलं. पुढे काय बोलावं ते सुचेना.

"पाठ कशी आहे, आई?"

"आज बरी आठवण झाली!"

जवळच्या बांधकामावरून लोखंडी टेकू आले. पहिला लागला, दुसरा लागला. दुसरा कसताना आत काहीतरी धपकन पडलं.

"आई?"

आतून नुसती खरखर ऐकू आली.

"आई, काय करतेस?"

"अरे, केवढी माती पडलीय दारात. माणसं आत येतील, एवढं झाडून घेते."

"आई, कोपऱ्यात जा! आधी कोपऱ्यात जा!"

"ओरडू नकोस. जाते. झालंच."

सव्वानऊ वाजता तिसरा टेकू जिन्याच्या वळणावर अडकला होता. दाराच्या अगदी पलीकडे केरसुणी फिरत होती.